स्वतः बनवलेला मायक्रोकंट्रोलर बोर्ड आर्डुइनो आयडीईमध्ये कसा जोडायचा?

आर्डुइनो यूनोवर प्रोजेक्ट व्यवस्थित चालतो. मग वाटतं, एवढा मोठा बोर्ड कशाला? त्यावरची मुख्य चिप वेगळी घ्यावी, लागतील तेवढेच भाग लावावेत आणि स्वतःचा छोटा बोर्ड तयार करावा. बोर्ड तयार होतो, संगणकाला जोडला जातो, आणि आर्डुइनो आयडीईच्या बोर्डांच्या यादीत त्याचं नावच नसतं. बरेच जण अशा वेळी यादीतला दिसायला जवळचा बोर्ड निवडतात. कधी काम होतं, कधी होत नाही. कधी तर चांगली चिप मेल्यासारखी गप्प बसते.

असं का होतं आणि स्वतःचा बोर्ड यादीत रीतसर कसा आणायचा, हे या लेखात एका खऱ्या चिपच्या उदाहरणावरून समजून घेऊया.

## आयडीईसाठी 'बोर्ड' म्हणजे नक्की काय?

आर्डुइनोची सुरुवात २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया या गावी झाली. त्याचे आराखडे पहिल्यापासून सर्वांसाठी खुले आहेत. म्हणूनच बाजारात त्यासारखे असंख्य बोर्ड मिळतात आणि आपल्यालाही स्वतःचा बोर्ड बनवता येतो.

आपल्या दृष्टीने बोर्ड म्हणजे चिप, क्रिस्टल, एलईडी आणि सॉकेट. आयडीईच्या दृष्टीने मात्र बोर्ड म्हणजे एका साध्या मजकुराच्या फाइलीतल्या वीसएक ओळी. या फाइलीचं नाव 'बोर्ड्स डॉट टीएक्सटी'. चिप कोणती, तिचं घड्याळ किती वेगाने चालतं, मेमरी किती, प्रोग्रॅम कोणत्या वेगाने पाठवायचा, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आयडीई तुमचा बोर्ड तपासून या ओळी भरत नाही. तुम्ही जे लिहाल त्यावर ती विश्वास ठेवते. अपलोड करताना चिपची ओळख तेवढी तपासली जाते. घड्याळाचा वेग, क्रिस्टल आहे की नाही, एलईडी कोणत्या पायावर आहे, यातलं काहीही तपासलं जात नाही. त्यामुळे बोर्ड जोडणं म्हणजे आपल्या बोर्डाची खरी माहिती आयडीईला लिहून देणं. ही माहिती चुकली की पुढचा गोंधळ ठरलेला.

## आपलं उदाहरण: क्रिस्टल नसलेला 'शिवार' बोर्ड

समजा, मातीतला ओलावा मोजणारा एक छोटा बोर्ड बनवायचा आहे. त्याला 'शिवार' म्हणूया. त्यावर यूनोवरचीच अ‍ॅटमेगा ३२८पी ही २८ पायांची चिप आहे. तिच्यात ३२ केबी फ्लॅश मेमरी, २ केबी रॅम आणि १ केबी ईईप्रॉम असते.

फरक दोन आहेत. यूनो ५ व्होल्टवर चालतो, शिवार ३.३ व्होल्टवर. यूनोची चिप बाहेरच्या १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालते. शिवारवर क्रिस्टल नाही, तो चिपच्या आतलं ८ मेगाहर्ट्झचं घड्याळ वापरतो.

३.३ व्होल्टवर १६ मेगाहर्ट्झ का नको? चिपच्या माहितीपत्रकानुसार २० मेगाहर्ट्झपर्यंतच्या वेगासाठी किमान ४.५ व्होल्ट लागतात आणि १० मेगाहर्ट्झपर्यंत २.७ व्होल्ट पुरतात. म्हणजे ३.३ व्होल्टवर ८ मेगाहर्ट्झ सुरक्षित आहे आणि १६ मेगाहर्ट्झ मर्यादेबाहेर. 'माझ्याकडे तर चालतं' असं सांगणारे भेटतील. पण टेबलावर चाललेला बोर्ड उन्हात किंवा बॅटरी उतरल्यावर दगा देऊ शकतो.

## पहिली पायरी: फोल्डर कुठे करायचा?

आयडीईच्या प्रेफरन्सेसमध्ये 'स्केचबुक लोकेशन' दिसतं. विंडोजवर ते सहसा डॉक्युमेंट्समधल्या आर्डुइनो या फोल्डरमध्ये असतं. त्या ठिकाणी फोल्डर असे एकात एक करा:

हार्डवेअर → शिवार → एव्हीआर

'हार्डवेअर' हे नाव ठरलेलं आहे. दुसरं नाव बनवणाऱ्याचं, ते तुम्ही ठरवा. तिसरं नाव चिपच्या कुळाचं. आपली चिप एव्हीआर कुळातली आहे, म्हणून एव्हीआर. बोर्ड्स डॉट टीएक्सटी ही फाइल या सर्वांत आतल्या फोल्डरमध्ये ठेवायची. एक पातळी जरी चुकली, तरी बोर्ड यादीत दिसत नाही.

अनेक जण आर्डुइनोच्या मूळ बोर्ड्स डॉट टीएक्सटी फाइलीतच आपल्या ओळी घुसडतात. तसं करू नका. आर्डुइनोचं एव्हीआर पॅकेज अपडेट झालं की नव्या आवृत्तीबरोबर नवी फाइल येते आणि तुमच्या ओळी जातात. स्केचबुकमधला फोल्डर अपडेटमध्ये तसाच राहतो.

## दुसरी पायरी: फाइलीत काय लिहायचं?

प्रत्येक ओळ 'बोर्डचं छोटं नाव, टिंब, गुणधर्माचं नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत' अशी असते. या लेखात ही नावं मराठी उच्चाराने दिली आहेत. फाइलीत ती इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायची असतात. हाताने टाइप करण्यापेक्षा आर्डुइनोच्या मूळ फाइलीतून यूनोच्या ओळी कॉपी करा आणि त्यात बदल करा. म्हणजे स्पेलिंग चुकण्याची भीती राहत नाही.

शिवारसाठी महत्त्वाच्या ओळी अशा:

नेम: यादीत दिसणारं नाव. उदाहरणार्थ, 'शिवार ८ मेगाहर्ट्झ, अंतर्गत घड्याळ'. नावातच वेग लिहिला की सहा महिन्यांनी आपल्यालाच शोधाशोध करावी लागत नाही.

बिल्ड डॉट एमसीयू: चिपचं नाव, म्हणजे अ‍ॅटमेगा ३२८पी. कंपायलर कोणत्या चिपसाठी कोड बनवायचा हे यावरून ठरवतो.

बिल्ड डॉट एफ सीपीयू: घड्याळाचा वेग हर्ट्झमध्ये. यूनोमध्ये १६०००००० असतो, शिवारमध्ये ८०००००० लिहायचा. त्यापुढचं 'एल' हे अक्षर तसंच ठेवा.

बिल्ड डॉट कोअर: इथे 'आर्डुइनो:आर्डुइनो' लिहायचं. याचा अर्थ, डिजिटल राइट, डिले, सीरियल यांसारख्या गोष्टींचा कोड आर्डुइनोच्या पॅकेजमधून उसना घे. त्यामुळे तो सगळा कोड आपल्या फोल्डरमध्ये कॉपी करावा लागत नाही. त्यासाठी बोर्ड्स मॅनेजरमधून आर्डुइनोचं एव्हीआर पॅकेज घातलेलं असलं पाहिजे.

बिल्ड डॉट व्हेरिअंट: पिनांचा नकाशा. सध्या 'आर्डुइनो:स्टँडर्ड' चालेल.

अपलोड डॉट टूल आणि बूटलोडर डॉट टूल: दोन्हींत 'आर्डुइनो:एव्हीआरड्यूड'. चिपमध्ये प्रोग्रॅम भरणाऱ्या साधनाचं हे नाव आहे.

अपलोड डॉट प्रोटोकॉल: 'आर्डुइनो'. यूनोच्या ओळी कॉपी केल्या असतील तर हे आधीच असेल.

अपलोड डॉट स्पीड: ५७६००. यूनोचा वेग ११५२०० असतो, कारण त्याचा बूटलोडर वेगळा आहे.

अपलोड डॉट मॅक्सिमम साइज: ३०७२०. एकूण फ्लॅश ३२७६८ बाइट. शिवारमध्ये वापरायच्या बूटलोडरसाठी २०४८ बाइट राखून ठेवायचे, म्हणून ३०७२०. यूनोचा ऑप्टिबूट नावाचा बूटलोडर ५१२ बाइटांत बसतो, म्हणून तिथे ३२२५६ दिसतात.

अपलोड डॉट मॅक्सिमम डेटा साइज: २०४८, म्हणजे पूर्ण रॅम.

बूटलोडर म्हणजे चिपमध्ये आधीच बसवलेला छोटा प्रोग्रॅम. रीसेट झाल्यावर तो थोडा वेळ वाट बघतो. संगणकाकडून नवा प्रोग्रॅम आला तर तो उतरवून घेतो, नाहीतर जुनाच सुरू करतो. आर्डुइनोच्या पॅकेजमध्ये ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झवाल्या प्रो मिनी बोर्डसाठी तयार बूटलोडर आहे. त्याच्या नावाच्या शेवटी 'प्रो ८ मेगाहर्ट्झ' असं येतं. ती फाइल आपल्या एव्हीआर फोल्डरमध्ये 'बूटलोडर्स' नावाचा फोल्डर करून त्यात ठेवा आणि 'बूटलोडर डॉट फाइल' या ओळीत तिचं नाव द्या.

## तिसरी पायरी: फ्यूज समजून घ्या, मगच हात लावा

या सगळ्या कामातली सर्वांत नाजूक जागा म्हणजे फ्यूज. घरातल्या फ्यूजशी याचा संबंध नाही. चिपच्या आत काही कायम टिकणाऱ्या सेटिंग असतात. घड्याळ आतलं की बाहेरचं, बूटलोडरला जागा किती, व्होल्टेज किती खाली गेल्यावर थांबायचं, हे त्या ठरवतात.

कारखान्यातून आलेल्या नव्या अ‍ॅटमेगा ३२८पीचा लो फ्यूज '६२' असतो. म्हणजे आतलं ८ मेगाहर्ट्झचं घड्याळ, पण ८ ने भागलेलं. त्यामुळे नवी चिप १ मेगाहर्ट्झवरच चालते. शिवारसाठी फ्यूज असे:

- लो फ्यूज 'ई२': आतलं घड्याळ, न भागता, पूर्ण ८ मेगाहर्ट्झ.
- हाय फ्यूज 'डीए': बूटलोडरला २०४८ बाइट, आणि सुरुवात बूटलोडरपासून.
- एक्स्टेंडेड फ्यूज 'एफडी': व्होल्टेज साधारण २.७ च्या खाली गेलं की चिप थांबते.

तिन्ही आकडे हेक्स पद्धतीचे आहेत. फाइलीत त्यांच्या आधी शून्य आणि 'एक्स' लिहितात. यूनोच्या ओळींमध्ये आधीच असलेल्या लॉक आणि अनलॉक बिटांच्या ओळी तशाच ठेवा.

शेवटच्या फ्यूजचा परिणाम बॅटरी निवडतानाही जाणवतो. दोन साध्या सेलचे मिळून ३ व्होल्ट होतात. ते थोडे उतरले की बोर्ड थांबणार. अशा बोर्डला तीन सेल आणि ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर, किंवा अशीच दुसरी सोय लागते.

सावधान: क्रिस्टल नसलेला बोर्ड जोडून यादीत 'यूनो' निवडायचा आणि 'बर्न बूटलोडर' दाबायचं, ही चूक सर्रास होते. यूनोचा लो फ्यूज 'एफएफ' आहे. तो चिपला बाहेरचा क्रिस्टल वापरायला सांगतो. क्रिस्टल नाही म्हणजे घड्याळ नाही, आणि घड्याळ नाही म्हणजे चिप कशालाच उत्तर देत नाही. लोक अशी चिप मेली समजून फेकून देतात. ती मेलेली नसते. तिच्या ९ आणि १० क्रमांकाच्या पायांना क्रिस्टल आणि त्याचे दोन छोटे कपॅसिटर लावा, किंवा ९ क्रमांकाच्या पायाला बाहेरून घड्याळाचा सिग्नल द्या. ती पुन्हा बोलू लागते. मग योग्य फ्यूज लिहून क्रिस्टल काढता येतो.

रीसेटचा पाय बंद करणाऱ्या फ्यूजला मात्र अजिबात हात लावू नका. त्यातून चिप सोडवायला १२ व्होल्ट वापरणारा खास प्रोग्रॅमर लागतो.

## चौथी पायरी: बूटलोडर आणि पहिला प्रोग्रॅम

नव्या चिपमध्ये बूटलोडर नसतो, म्हणून पहिल्यांदा दुसऱ्या वाटेने जावं लागतं. जवळ यूनो असेल तर तोच प्रोग्रॅमर म्हणून वापरता येतो.

१. यूनोवर, यादीत यूनोच निवडून, उदाहरणांमधला 'आर्डुइनो आयएसपी' हा स्केच अपलोड करा.

२. यूनोच्या ११, १२, १३ आणि १० या पिना अनुक्रमे चिपच्या १७, १८, १९ आणि १ या पायांना जोडा. ७ आणि २० या पायांना वीज, ८ आणि २२ या पायांना ग्राउंड द्या.

३. यूनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. त्यामुळे ऐन वेळी यूनो स्वतःच रीसेट होत नाही.

४. आयडीई पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. यादीतून शिवार निवडा, प्रोग्रॅमर म्हणून 'आर्डुइनो अ‍ॅज आयएसपी' निवडा आणि 'बर्न बूटलोडर' दाबा.

यूनो ५ व्होल्टचा आहे. शिवारवर ३.३ व्होल्टचा सेन्सर किंवा रेडिओ मॉड्यूल बसवलेलं असेल तर या कामापूर्वी ते काढा. चिप ५ व्होल्ट सहन करते, पण ते भाग करतीलच असं नाही.

बूटलोडर बसला की पुढचं अपलोड यूएसबी-सीरियल अ‍ॅडॅप्टरने होतं. अ‍ॅडॅप्टर ३.३ व्होल्टवर ठेवा. त्याची टीएक्स चिपच्या २ क्रमांकाच्या पायाला आणि आरएक्स ३ क्रमांकाच्या पायाला जोडा. डीटीआर ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेटला द्या. रीसेटच्या पायापासून विजेकडे १० किलोओहमचा रेझिस्टर हवा.

## पिनांचा नकाशा कधी बदलायचा?

प्रोग्रॅममध्ये आपण '१३' लिहितो, तेव्हा तो चिपचा तेरावा पाय नसतो. २८ पायांच्या चिपवर तो १९ क्रमांकाचा पाय असतो. हा नकाशा व्हेरिअंट फोल्डरमधल्या 'पिन्स आर्डुइनो डॉट एच' या फाइलीत असतो.

शिवारची जुळणी यूनोसारखीच असेल तर नकाशा बदलायची गरज नाही. दोन प्रसंगी मात्र बदलावा लागतो. पहिला, एलईडी वेगळ्या पिनवर असेल तर. अशा वेळी 'ब्लिंक' यशस्वी अपलोड होतो, पण दिवा लुकलुकत नाही आणि आपण उगाच सोल्डरिंग तपासत बसतो. दुसरा, क्रिस्टल नसल्यामुळे मोकळे झालेले ९ आणि १० क्रमांकाचे पाय वापरायचे असतील तर. स्टँडर्ड नकाशात त्यांना पिन क्रमांकच नाहीत. मग 'व्हेरिअंट्स' नावाचा फोल्डर करून त्यात शिवारसाठी वेगळा फोल्डर ठेवा, मूळ फाइल त्यात कॉपी करून बदला आणि बिल्ड डॉट व्हेरिअंटमध्ये त्या फोल्डरचं नाव द्या.

## काय बिघडलंय, लक्षणावरून ओळखा

बोर्ड यादीत दिसत नाही: फोल्डरांची उतरंड तपासा. फाइलीच्या नावाला चुकून दोनदा 'टीएक्सटी' लागलं आहे का, तेही बघा. विंडोजवर असं हमखास होतं.

एका सेकंदाचा डिले दोन सेकंद घेतो: फाइलीत १६ मेगाहर्ट्झ आहे आणि चिप ८ वर चालते आहे. आठ सेकंद घेत असेल तर फाइलीत ८ आहे, पण फ्यूज अजून कारखान्यातलाच आहे आणि चिप १ मेगाहर्ट्झवर आहे.

सीरियल मॉनिटरवर भलतीच अक्षरं येतात: बहुतेक वेळा कारण तेच. प्रोग्रॅमला ९६०० वाटतं, पण घड्याळ निम्मं असल्यामुळे प्रत्यक्षात ४८०० ने पाठवलं जातं. मॉनिटर ४८०० वर ठेवून बघा. अक्षरं नीट दिसली तर रोग सापडला.

'नॉट इन सिंक' असा संदेश येतो: संगणक बोलतो आहे, बूटलोडर उत्तर देत नाही. पोर्ट, अपलोड स्पीड, टीएक्स-आरएक्सची अदलाबदल आणि रीसेटचा कपॅसिटर या क्रमाने तपासा.

चिपची सही जुळत नाही: अ‍ॅटमेगा ३२८पीची सही '१ई ९५ ०एफ' आहे, शेवटी 'पी' नसलेल्या ३२८ची '१ई ९५ १४'. दोन्ही चिपा दिसायला सारख्याच. पाठीवरचं पूर्ण नाव वाचा. तपासणी बंद करून जबरदस्ती करण्यापेक्षा फाइलीत योग्य चिप लिहा.

सगळं चालतं, पण वेळ थोडा पुढे-मागे होतो: आतल्या घड्याळाची कारखान्यातली अचूकता १० टक्क्यांच्या आतबाहेर असते. ओलावा मोजायला हे पुरतं. अचूक वेळ किंवा भरवशाचं सीरियल हवं असेल तर क्रिस्टल लावलेला बरा.

## हा बोर्ड इतरांना कसा द्यायचा?

मित्राला द्यायचा असेल तर 'शिवार' फोल्डर झिप करून पाठवा. तो त्याने आपल्या हार्डवेअर फोल्डरमध्ये उघडला की झालं.

जास्त लोकांपर्यंत न्यायचा असेल तर बोर्ड्स मॅनेजरची सोय आहे. त्यासाठी झिप फाइल इंटरनेटवर ठेवायची आणि तिची माहिती देणारी जेसन स्वरूपातली यादी बनवायची. यादीत आवृत्ती, फाइलीचा आकार आणि एसएचए-२५६ पद्धतीचा तपासणी आकडा लिहायचा. यादीचा पत्ता लोक प्रेफरन्सेसमध्ये टाकतात. ईएसपी३२सारखे बोर्ड आपण याच वाटेने घेतो.

इथे एक काळजी घ्या. अशा पॅकेजमधून तुमच्या संगणकावर चालणारी साधनंही उतरू शकतात. ग्रुपवर आलेला कुठलाही पत्ता तिथे चिकटवू नका. चिप बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा पॅकेज सांभाळणाऱ्यांच्या मूळ पानावरूनच घ्या.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एवढं सगळं स्वतः करायलाच हवं का?
प्रत्येक वेळी नाही. अ‍ॅटमेगा ३२८ आणि तिच्या भावंडांसाठी 'मिनीकोअर' नावाचं तयार पॅकेज मिळतं. त्यात घड्याळ आणि व्होल्टेजची मर्यादा मेनूतून निवडता येते. पण योग्य पर्याय निवडायला या ओळींचा अर्थ माहीत असावाच लागतो.

बाजारातला स्वस्त यूनो जोडण्यासाठीही असं करावं लागतं का?
नाही. त्यावर चिप आणि घड्याळ यूनोसारखंच असेल तर यादीतून 'यूनो' निवडा. पोर्ट दिसत नसेल तर बहुतेकदा सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर घालावा लागतो. त्याचा बोर्ड्स डॉट टीएक्सटीशी संबंध नाही.

प्लॅटफॉर्मआयओ वापरत असेन तर?
तिथे 'बोर्ड्स' फोल्डरमध्ये जेसन फाइल लिहितात. मांडणी वेगळी, प्रश्न तेच: चिप कोणती, घड्याळ किती, मेमरी किती, अपलोड कसं.

सुरुवात कुठून करू?
फाइल उघडण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहा: चिपचं पूर्ण नाव, घड्याळ कुठून येतं आणि किती वेगाचं, बोर्ड किती व्होल्टवर चालतो, आणि एलईडी कोणत्या पायावर आहे. हा कागद शेजारी ठेवूनच ओळी भरा, आणि 'बर्न बूटलोडर' दाबण्यापूर्वी लो फ्यूज त्या कागदाशी एकदा ताडून बघा.